चार हजार वर्षं दिसतात, चारशे दिसत नाहीत

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी अजून वंशावळ सांगणारा हेळवी येतो. पूर्वी बैलावर बसून यायचे, आताचा मोटारसायकलवर येतो, पण चोपडी तीच. ओसरीवर बसून तो मूळ पुरुषापासून नावं वाचत येतो, नव्या जन्मलेल्या मुलांची नावं चढवून घेतो आणि धान्य, पैसे, जमलं तर एखादं धोतर घेऊन पुढच्या घरी जातो. त्याच्या चोपडीप्रमाणे आमचा मूळ पुरुष मेवाडातून आला. तेरा-चौदा पिढ्यांची नावं आहेत, सगळी पुरुषांची. बाबांचा या चोपडीवर पूर्ण विश्वास. तरी त्यावर विज्ञानाचा शिक्का बसला तर हवाच होता. आई-बाबा आमच्याकडे अमेरिकेत एडिसनला उन्हाळ्यासाठी आले, तेव्हा त्यांनीच विषय काढला, "ते थुंकीवरून मूळ सांगतात ना, ते आपण करूया."

इंटरनेटवर किट मागवलं. खाल्ल्या-प्यायल्यावर अर्धा तास थांबायचं आणि मग नळीतल्या रेषेपर्यंत लाळ भरायची. फेस मोजायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. बाबांना गोळ्यांमुळे तोंडाला सारखी कोरड, त्यामुळे ते नळी धरून बसलेत आणि रेषा काही येत नाही. शेवटी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, कैरी आठवा, मीठ-तिखट लावलेली!" त्याने काम झालं. झाकण दाबलं की त्यातलं औषधी पाणी लाळेत उतरतं, मग नळी हलवायची आणि टपालात टाकायची.

बाबांचीच लाळ कशाला, माझी का नाही, हे त्यांनी विचारलं होतं. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र माझ्यात नाही. त्यामुळे हेळव्याच्या चोपडीतली रेषा तपासायची तर बाबा किंवा माझा भाऊच हवा. आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए मात्र मुलगा-मुलगी दोघांना मिळतो, पण पुढे जातो तो फक्त मुलीकडून. तो जेमतेम १६,५६९ अक्षरांचा आहे. आईचं कुळ बघायला माझी लाळ चालली असती, तरी आईनेही नळी भरली. "चोपडीत मला जागा नाही, इथे तरी असू दे," म्हणाली.

अहवाल आला तेव्हा पहिल्या पानावर दक्षिण आशियाचा रंगीत नकाशा होता. गुजरातवर गडद रंग, आंध्र आणि तमिळनाडूवर दुसरा, पंजाबवर फिकट. महाराष्ट्र कोरा. बाबांना निम्म्याच्या आसपास गुजराती ठरवलं होतं, उरलेले दक्षिण भारतीय. बाबा चिडलेच. साताऱ्याच्या माणसाला गुजराती म्हटल्यावर दुसरं काय होणार?

मी रोज डेटाबेसशी झटापट करणारी बाई. आकडा दिसला की तो कशाशी ताडून काढला, हे आधी बघते. इथे कंपनी काय करते, तर तुमच्या डीएनएचे तुकडे घेऊन तिच्याकडच्या नमुना-गटांपैकी कुणाशी ते जास्त जुळतात ते पाहते. संचात जो गट नाही, त्याचं नाव निकालात येऊच शकत नाही. जगभर सर्वात जास्त वापरला गेलेला खुला संच म्हणजे एक हजार जीनोम प्रकल्प. त्यात २६ गटांतली २,५०४ माणसं आहेत आणि दक्षिण आशियाचे गट पाच: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, आणि ब्रिटनमध्ये राहणारे तेलुगू व श्रीलंकन तमिळ. मराठी गट नाही. २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून जास्त लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली होती, आणि या संचात आपली स्वतंत्र जागाच नाही. आम्ही किट घेतलं त्या कंपनीचा संच यापेक्षा मोठा होता, पण पोकळी तीच. मग उत्तरेचे गुजराती आणि दक्षिणेचे तेलुगू यांच्या मधे पडणाऱ्या माणसाला यंत्र दोघांत वाटून टाकतं. पुढे कंपनीने संच सुधारला तेव्हा बाबांचा गुजराती भाग एका रात्रीत बराच उतरला. पूर्वज होते तेच होते.

माझ्या मते हा टक्केवारीचा नकाशा म्हणजे या सगळ्यातला सर्वात कमी कामाचा भाग, आणि विकला जातो तो नेमका तोच.

नकाशाच्या मागच्या पानावर वंशशाखा होत्या, म्हणजे सरळ आईच्या किंवा सरळ बापाच्या रेषेने आलेले डीएनएचे गट. आईची एम. भारतातल्या निम्म्याहून जास्त लोकांची मातृशाखा एमच्याच कुठल्या तरी फांदीवर बसते, त्यामुळे यात नवल काही नाही. नवल तिच्या वयाचं. आफ्रिकेतल्या एल-३ शाखेतून एम आणि एन फुटल्या, आणि आफ्रिकेबाहेरची सगळी जुनी माणसं या दोन फांद्यांची लेकरं. रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी १९८७ मध्ये जगभरच्या बायकांच्या मायटोकाँड्रियाची तुलना करून दाखवलं की सगळ्या रेषा आफ्रिकेतल्या एका बाईपाशी जाऊन मिळतात. ती त्या काळची एकटी बाई नव्हती. बाकीच्यांच्या मुलींच्या मुलींची साखळी कुठे ना कुठे तुटली, एवढंच. एमच्या भारतीय फांद्या इतक्या जुन्या आणि इतक्या पसरलेल्या आहेत की त्या इथे पन्नास हजार वर्षांच्या आसपास तरी नांदत असाव्यात. हे ऐकून आई बाबांना म्हणाली, "म्हणजे मी इथलीच. तुमचं तुम्ही बघा."

बाबांची शाखा एच. त्यांनी कुठेतरी आर-१-ए बद्दल वाचलं होतं. मध्य आशियाच्या गवताळ मैदानातून, म्हणजे स्टेपमधून, पशुपालकांबरोबर भारतात आली असं मानतात ती पितृशाखा. आपली तीच निघणार अशी त्यांची खात्री होती. एच ही त्याच्या कितीतरी आधीपासून दक्षिण आशियात रुजलेली शाखा.

"मग मेवाड?"

मेवाडचं काहीच ठरलं नाही. एच राजस्थानात आहे, महाराष्ट्रात आहे, आंध्रात तर आहेच. चारशे वर्षांपूर्वी एक माणूस मेवाडातून निघून कृष्णेच्या खोऱ्यात आला असेल किंवा नसेल, दोन्ही गोष्टी या निकालात बसतात. शिवाय पितृरेषा म्हणजे अफाट झाडातली एक काडी. हेळव्याच्या चोपडीतल्या चौदाव्या पिढीत एक नाव आहे, आणि त्याच पिढीत बाबांच्या पूर्वजांच्या जागा १६,३८४ आहेत. त्यातले पुष्कळजण नात्यातले, म्हणजे एकच माणूस अनेक जागी येणार. काहींचा तर एक तुकडाही बाबांपर्यंत पोचलेला नसणार, कारण दर पिढीला निम्मा डीएनए मागेच राहतो.

इथपर्यंत आल्यावर बाबांची उत्सुकता ओसरली आणि माझी वाढली. कंपनी मूळ फाइल उतरवू देते. साधी मजकुराची फाइल, सहा-सात लाख ओळींची. प्रत्येक ओळीत एक ओळखक्रमांक, गुणसूत्र, त्यावरचं स्थान आणि दोन अक्षरं: एजी, सीसी, टीटी. एक अक्षर आईकडचं, एक बापाकडचं. कुठलं कुणाचं ते फाइल सांगत नाही. मोठेपणी दूध पचवणारा जो बदल युरोपात सर्रास आढळतो तोच वायव्य भारतातही आढळतो, म्हणून ती ओळ मी आधी शोधली. बाबांमध्ये तो बदल नाही. तालमीत असताना रोज शेरभर दूध पिणारा माणूस! पण भारतात हा बदल नसलेले कोट्यवधी लोक आयुष्यभर दूध पितात, आतड्यातले जंतू बरंचसं सांभाळून घेतात. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी फाइलच खोटी ठरवली.

मग हार्वर्डच्या डेव्हिड राइक यांच्या प्रयोगशाळेने खुला ठेवलेला प्राचीन आणि आजच्या डीएनएचा संच उतरवला. हे काम घरच्या लॅपटॉपवर होतं, फक्त चिकाटी लागते. दोन संच जुळवताना कुठे अक्षरं डीएनएच्या उलट्या धाग्यावरून वाचलेली असतात. ए-टी आणि सी-जी अशा जोड्यांत तर धागा सुलटा की उलटा हे कळतच नाही, त्या ओळी सरळ काढून टाकाव्या लागतात. कंपनीच्या डीएनए वाचणाऱ्या चिपवरच्या जागा आणि प्राचीन हाडांत तपासलेल्या जागा यांतल्या सामाईक त्या मानाने थोड्याच उरतात, पण पुरतात. हे सगळं झाल्यावर पीसीए चालवायचं. लाखो अक्षरांमधला फरक दोन अक्षांवर बसवून प्रत्येक माणसाचा एक ठिपका काढणारी ही पद्धत.

भारतीय ठिपके गोल घोळका करत नाहीत. ते एका तिरक्या पट्ट्यावर पसरतात, एका टोकाला वायव्येकडचे गट, दुसऱ्या टोकाला दक्षिणेतले आदिवासी. २००९ मध्ये राइक, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज, लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत हाच पट्टा दाखवला होता. २५ गटांतल्या १३२ लोकांचा तो अभ्यास. बहुतेक सगळे भारतीय गट दोन जुन्या लोकसमूहांच्या वेगवेगळ्या प्रमाणातल्या मिश्रणातून झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. उत्तरेकडच्या समूहाचा वाटा या गटांत ३९ ते ७१ टक्के होता. शून्य कुणाचाच नाही, शंभरही नाही. आई आणि बाबांचे ठिपके या पट्ट्याच्या मध्यावर, गुजराती आणि तेलुगू ठिपक्यांमध्ये पडले.  त्या रात्री मी तो आलेख किती तरी वेळ मोठा-लहान करत बसले होते. नकाशावर जे मुळीच दिसलं नव्हतं ते इथे जागेवर होतं.

ते दोन समूह स्वतः कशाचे झाले, हे प्राचीन हाडांनी सांगितलं. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये ५२३ प्राचीन माणसांचा अभ्यास आला आणि त्याच वेळी 'सेल'मध्ये राखीगढीचा, म्हणजे हरियाणातल्या सिंधू संस्कृतीच्या शहराचा. राखीगढीचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखालचं. उष्ण हवेत डीएनए टिकत नाही. ६१ नमुन्यांपैकी एका बाईच्या कानाच्या आतल्या टणक हाडातून थोडाफार मिळाला, तोही पुन्हा पुन्हा प्रयत्न करून. तिच्यात इराणी वंशाशी जुळणारा मोठा भाग होता आणि भारतातल्या जुन्या शिकाऱ्यांचा भाग होता. स्टेपचा भाग नव्हता. तो 'इराणी' भाग इराणच्या पहिल्या शेतकऱ्यांपासून शेती सुरू होण्याआधीच वेगळा झालेला. स्टेपचे लोक आले ते पुढे, इसवी सन पूर्व २००० ते १५०० च्या सुमारास, आणि त्यांचा वाटा पुरुषांकडून जास्त आला; मातृशाखा बहुतेक इथल्याच राहिल्या. आर्य बाहेरून आले की इथलेच, या वादात वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंनी विजयाचे मथळे आले होते. मूळ निबंध वाचला की दोन्ही मथळ्यांचा धीर सुटतो.

या तीन धाग्यांवर मी आई-बाबांची फाइल बसवून पाहिली. सिंधू संस्कृतीच्या काळातल्या माणसांशी जुळणारा भाग सर्वात मोठा, मग जुन्या शिकाऱ्यांचा, आणि स्टेपचा साधारण दहातला एक. शिकाऱ्यांसाठी अंदमानच्या ओंगे लोकांचा डीएनए ठेवावा लागतो, कारण भारतातल्या त्या शिकाऱ्यांचा स्वतःचा प्राचीन सांगाडा माझ्या संचात नव्हता. ओंगे त्यांचे फार दूरचे चुलत, म्हणून तो आकडा हातचा राखूनच घ्यायचा. इनामगावचंही कुणी संचात नव्हतं याची हळहळ वाटली. घोड नदीकाठी, शिरूर तालुक्यात, तीन हजार वर्षांपूर्वी लोक आपली मेलेली लेकरं मातीच्या भांड्यांत घालून घराच्या जमिनीखाली पुरत. त्यांच्यापैकी एखादं बाबांच्या ठिपक्याशेजारी पडलेलं बघायला मिळालं असतं, तर मी मेवाड सोडून दिला असता.

एकाच धाग्यावर किती लोंबकळायचं, याचं एक उदाहरण मराठी वाचकांना आठवत असेल. उत्तराखंडातल्या रूपकुंड तळ्यातल्या सांगाड्यांची २००४ च्या सुमारास तपासणी झाली, तेव्हा काहींचं कोकणस्थ ब्राह्मणांशी नातं असल्याच्या बातम्या आपल्याकडे छापून आल्या. त्यांचा आधार मायटोकाँड्रियातले मोजके बदल. २०१९ मध्ये ३८ सांगाड्यांचा सगळ्या गुणसूत्रांवरचा डीएनए तपासला गेला. २३ जण दक्षिण आशियातले, इसवी सन ८०० च्या आसपासचे, आणि तेही एका गटाचे नाहीत, भारतभरच्या वेगवेगळ्या वंशांचे. १४ जण पूर्व भूमध्य समुद्राकाठचे, आजच्या ग्रीस-क्रीटच्या लोकांशी जुळणारे, आणि मेले ते १८०० च्या सुमारास. एक आग्नेय आशियातला. ते ग्रीक तिकडे काय करत होते हे अजून कुणाला सुटलेलं नाही.

अहवालात नातेवाईकांचीही यादी होती, आणि इथे बाबांची गाडी पुन्हा रुळावर आली. डीएनएचे लांब सलग तुकडे जुळले की कंपनी 'चौथे चुलत' वगैरे नातं लावते. बाबांच्या यादीत असे चौथे चुलत ढिगाने. टोरंटोची एक मुलगी, कुळ आमचंच, गाव खटाव तालुक्यातलं. बाबांनी फोनवर तिच्या आजोबांचं आजोळ, देवक, कुलदैवत सगळं काढलं आणि नातं काही लागलं नाही. लागणार नव्हतंच. शेकडो वर्षं जातीतल्या जातीत सोयरिकी झाल्या की दोन परक्या माणसांत अनेक वाटांनी आलेले छोटे तुकडे सामाईक असतात. अमेरिकी हिशोबाने त्यांची बेरीज केली की जवळचं नातं भासतं.

ही सोयरिकीची गोष्ट मला या सगळ्या खटाटोपात सर्वात मोठी वाटली. प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तुकड्यांच्या लांबीवरून मिश्रणाचा काळ काढला. तो साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा. त्या काळात जवळजवळ सगळे गट एकमेकांत मिसळत होते, आदिवासींसकट. मग दार लागलं. म्हणजे जात ही अनादी नाही आणि नुसती इंग्रजांनी खानेसुमारीत लिहून तयार केलेलीही नाही; काही गटांत ती दीड-दोन हजार वर्षं रक्तात पाळलेली दिसते. मी या लेखात आमची जात लिहिलेली नाही. मुद्दाम. ती लिहिली की पुढचं सगळं वाचक तिच्या चष्म्यातून वाचतो, आणि पट्ट्यावर तर आम्ही शेजारच्या आळीतल्यांच्या मांडीला मांडी लावून बसलोय.

या बंद दाराची किंमत दवाखान्यात मोजावी लागते. २०१७ च्या एका अभ्यासात २६० हून जास्त दक्षिण आशियाई गट तपासले. त्यातल्या ८१ गटांमध्ये थोड्याच पूर्वजांपासून वाढल्याची खूण युरोपातल्या अश्केनाझी ज्यू किंवा फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक निघाली, आणि त्यातल्या १४ गटांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांच्या वर आहे. आंध्रातल्या वैश्य समाजात काहींना भूल देताना वापरलं जाणारं स्नायू सैल करणारं एक औषध शरीरात मोडता येत नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर श्वास लवकर परत येत नाही. तिथले भूलतज्ज्ञ आधी समाज विचारतात तो यासाठी. माझ्या भावाच्या मुलीसाठी आता स्थळं बघताहेत. पत्रिकेबरोबर थॅलेसेमिया आणि सिकलसेलची रक्तचाचणी दोन्हीकडून करून घ्या, एवढं मी घरी बजावून ठेवलंय. त्याला डीएनएच्या नकाशाची गरज नाही, साधी लॅब पुरते.

एक सांगायला हवं. लाळ एकट्याची नसते. बाबांनी नळी भरली तेव्हा त्यांच्या भावंडांची, पुतण्यांची, माझीही माहिती त्यात गेली. अशाच एका मोठ्या अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली आणि २०२५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. आमची कंपनी वेगळी, तरी फाइल उतरवून घेतल्यावर मी खाती बंद केली आणि नमुने नष्ट करायला सांगितलं. टोरंटोच्या मुलीशी बाबांचं व्हॉट्सॲप चालू आहे.

आता एक काम राहिलंय. आईच्या वडिलांची पितृरेषा आईत नाही, ती फक्त मामाकडे. मामा साताऱ्यात, त्यामुळे भारतातली एखादी कंपनी बघते आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, "देतो गं थुंकी. पण आधी मला लिहून दे, याच्यावरून कुणी चुलत निघून जमिनीत हिस्सा मागायला येणार नाही."